खाल्ल्या मिठाचा हिशेब

१

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत माझे बालपण गेले. वडील एका सरकारी कचेरीत शिपाई होते; त्यांच्या नोकरीमुळे आम्हांला तेथे खोली मिळाली होती. पुढे मी शिक्षक झालो आणि निवृत्तही झालो. आता दर रविवारी आसपासच्या वस्तीतील मुलामुलींना जमवून इतिहासाविषयी बोलतो. हा वर्ग कोणत्याही परीक्षेचा नाही, म्हणून मुले मोकळेपणाने विचारतात. परीक्षेच्या वर्गात मुले उत्तरे पाठ करतात, प्रश्न विचारत नाहीत.

एका रविवारी आम्ही वांद्र्याच्या टोकावरील किल्ल्यात बसलो होतो. पोर्तुगिजांनी १६४० साली तो बांधला. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली. या मुलखाचे मालक असे तीनदा बदलले. मात्र त्यांच्या तटाचे दगड वाहणाऱ्यांची नावे तिघांपैकी कोणाच्याही दप्तरात सापडायची नाहीत. हे मी मुलांना सांगत होतो, तेवढ्यात बारावीत शिकणारा एक मुलगा मध्येच बोलला.

त्याने जपानच्या यादवी युद्धातील सामुराई पोरांची हकीकत कुठेतरी पाहिली होती. पंधरा-सोळा वर्षांची पोरे आपल्या सरदारासाठी डोंगरावर स्वतःचे पोट चिरून मेली, हे सांगताना त्याचा आवाज कापत होता. मग तो म्हणाला, "सर, त्या पोरांची जगभर पूजा होते. आणि आपण कोरेगावला गेलो की कॉलेजातली पोरं आपल्याला गद्दार म्हणतात. खाल्ल्या मिठाला जागले नाहीत म्हणतात. आपल्या लोकांकडं इमान नव्हतं का?"

इतर मुले गप्प झाली. हा प्रश्न त्या एका मुलाचा नव्हता. माझ्या वडिलांनाही तो ऐकावा लागला होता आणि मलाही. त्या दिवशी मी जे तुटक तुटक बोललो, ते येथे नीट जुळवून लिहीत आहे.

२

प्रथम जपानची हकीकत. ती पुरी सांगितली पाहिजे, कारण पूजा करणारे ती नेहमी अर्धीच सांगतात.

१८६८ साली जपानात शोगुनची राजवट कोसळली आणि सम्राटाच्या नावाने नवे सरकार उभे राहिले. उत्तरेकडील आइझू संस्थान शोगुनच्या बाजूचे होते. त्याचा अधिपती मात्सुदाइरा कातामोरी. सम्राटाचे सैन्य चालून येताच आइझूने वयाप्रमाणे चार दले उभी केली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे दल ते 'ब्याक्कोताइ', म्हणजे श्वेत व्याघ्र दल. त्या काळच्या जपानी मोजणीत मूल जन्मतःच एक वर्षाचे धरीत, तेव्हा आपल्या हिशेबाने ही मुले पंधरा-सोळाचीच.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलांच्या या दलातही दर्जाप्रमाणे विभाग होते. वरच्या सामुराईंची मुले एका तुकडीत, मधल्या दर्जाची दुसऱ्या तुकडीत, पायदळाच्या हलक्या शिपायांची तिसऱ्या तुकडीत. मरणाच्या दारातही पंगती निराळ्याच!

त्या वर्षी ऑक्टोबरच्या ८ तारखेला वरच्या दर्जाच्या तुकडीतील वीस मुले पराभवानंतर माघार घेत इइमोरी टेकडीवर पोहोचली. खाली धूर दिसत होता. गड पडला, धनी संपला, असे त्यांना वाटले. त्यांनी आपल्या हातांनी आपला शेवट केला. त्यांपैकी एकोणीस मेली. इइनुमा सादाकिची नावाचा एक वाचला.

प्रत्यक्षात गड पडलेला नव्हता. जळत होते ते खालचे शहर. गड पुढे जवळजवळ महिनाभर लढला आणि मग शरण आला. धनीही संपला नव्हता. मात्सुदाइरा कातामोरी याला काही काळ नजरकैद झाली, पण जीवदान मिळाले. पुढे तो निक्कोच्या प्रसिद्ध देवस्थानाचा मुख्य पुजारी झाला आणि १८९३ साली वारला. पोरे मेल्यानंतर धनी पंचवीस वर्षे जगला. वाचलेला इइनुमा दूरसंचार खात्यात नोकरीला लागला. त्या दिवसाविषयी तो वर्षानुवर्षे बोलत नव्हता. १९३१ साली तो गेला.

या मुलांच्या कथेचे पुढे काय झाले? ज्या सम्राटाच्या सैन्याशी लढताना ती मेली, त्याच सम्राटाशी एकनिष्ठ राहावे म्हणून जपानी राज्यकर्त्यांनी पुढच्या पिढ्यांपुढे याच मुलांचा आदर्श ठेवला. १९२८ साली मुसोलिनीच्या इटलीने त्या टेकडीवर एक प्राचीन रोमन स्तंभ भेट म्हणून पाठविला. मेलेले बोलत नाहीत, म्हणून त्यांचे इमान कोणालाही वापरता येते. शत्रूलाही, आणि दूरच्या हुकूमशहालाही.

३

याच आइझूची दुसरी एक हकीकत आहे. ती फारसे कोणी सांगत नाही.

सम्राटाच्या सैन्यातील एक सेनानी इतागाकी ताइसुके. पुढे त्याने जपानात लोकांच्या हक्कांची चळवळ उभारली. आइझूच्या स्वारीत त्याने पाहिले की, संस्थान बुडत असताना शेतकरी आणि कारागीर आपली गाठोडी पाठीवर टाकून निघून जात आहेत. धन्यासाठी मरत होते ते फक्त सामुराई. इतागाकी म्हणे, तेथेच तो विचारात पडला. एवढ्या मोठ्या प्रजेला आपले राज्य बुडाल्याचे दुःख का नाही? त्याला उत्तर सापडले ते असे: राज्याच्या सुखात त्यांना कधी वाटा नव्हता, म्हणून राज्याच्या दुःखातही ते वाटेकरी नव्हते.

गड शरण गेल्यावर तर आइझूचे शेतकरी उठले. त्यांनी गावोगावच्या कारभाऱ्यांच्या घरांवर चाल केली, कर्जाची आणि जमिनीची दप्तरे जाळली, नवे कारभारी आम्ही निवडू अशी मागणी केली. टेकडीवरची एकोणीस मुले जगाला ठाऊक झाली. दप्तरे जाळणाऱ्यांची नावे कोणी जपली?

जपानात शेतकऱ्यांच्याही खाली एक थर होता. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, गुन्हेगारांना देहदंड देण्याची कामे करणे हे त्यांच्या वाट्याचे. त्यांची वस्ती वेगळी, त्यांचा स्पर्श विटाळ. त्यांचे वर्णन वाचताना परका देश वाचतो आहोत असे वाटतच नाही. याच यादवीच्या आधी, १८६६ साली, चोशू संस्थानाने या लोकांच्या तुकड्या उभारून शोगुनच्या सैन्याशी लढवल्या. दुसऱ्या बाजूने शोगुनने १८६८ च्या आरंभी एदो शहरातील त्यांच्या प्रमुखाला, केलेल्या सेवेबद्दल, सामान्य नागरिकाचा दर्जा बहाल केला. तो त्याला व त्याच्या काही हाताखालच्यांना मिळाला, साऱ्या जमातीला नाही. आणि दर्जा देणारे सरकारच काही महिन्यांत बुडाले. दोन्ही बाजूंना यांचे हात हवे होते.

१८७१ साली नव्या सरकारने फर्मान काढून ही अस्पृश्यता कागदावर रद्द केली. लगोलग काही भागांत वरच्यांनी त्यांच्या वस्त्यांवर हल्ले केले, माणसे मारली, घरे जाळली. शेवटी ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या लोकांनी 'सुइहेइशा' ही आपली स्वतःची संघटना स्थापन केली. आपली मुक्ती आपणच करू, हा तिचा पाया. त्यानंतर पाच वर्षांनी महाडचे चवदार तळे आले. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ साली आमच्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतील काळ्यांकडून घेतले. जगातील दुःखांची ही सोयरीक आपल्याकडे जुनी आहे. त्याच नात्याने मी मुलांना म्हणालो, जपानकडे पाहायचे तर टेकडीवरून पाहू नका. खालून पाहा.

४

आता आपल्या घरचे इमान.

माझी आजी कोकणातील. ती अमृतनाकाची गोष्ट सांगायची. बेदरच्या बादशहाची बेगम परमुलखात हरवली. तिला शोधून आणायला कोणी पुढे येईना, तेव्हा अमृतनाक महार हा तरणाबांड गडी निघाला. जाण्यापूर्वी त्याने एक बंद डबी बादशहाच्या हवाली केली आणि मी परत येईन तेव्हाच उघडा असे सांगितले. अनेक संकटांतून त्याने बेगमेला परत आणले. दरबारातील लोकांनी लगेच संशय घेतला की, एवढ्या लांबच्या वाटेवर हा तिच्यासोबत एकटा होता. अमृतनाक म्हणाला, माझी डबी उघडा. डबीत त्याने स्वतःच्या हाताने कापून ठेवलेले त्याचे पुरुषत्व होते. बादशहा प्रसन्न झाला. माग म्हणाला. अमृतनाकाने स्वतःसाठी काही मागितले नाही, जातीसाठी मागितले. म्हणून महारांना बावन्न हक्क मिळाले.

आजी येथे थांबायची आणि अभिमानाने आमच्याकडे पाहायची. लहानपणी माझीही छाती फुगायची. मोठा झाल्यावर मी त्या बावन्न हक्कांकडे पाहिले. दारोदार भाकरी मागण्याचा हक्क. मेलेल्या ढोराचा हक्क. प्रेतावरच्या कापडाचा हक्क. एका तरुणाने आपला वंश खुडून दिला आणि त्याच्या जातीला मिळाले काय, तर शिळी भाकरी मागण्याची सनद!

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे, हे मला माहीत आहे. पण दंतकथेत समाजाच्या मनाचा इतिहास असतो. आइझूच्या मुलांना आपण धन्याचे आहोत हे मरून दाखवावे लागले. अमृतनाकाला संशय येण्यापूर्वीच पुरावा तयार ठेवावा लागला. सामुराईच्या पोराच्या इमानावर कोणी शंका घेत नव्हते. महाराचे इमान मात्र आधीपासूनच संशयित! त्याने जीव द्यावा, देह द्यावा, आणि वर डबीही सोबत ठेवावी.

गावगाड्यात याच इमानावर सारा कारभार चालत होता. वेशीची राखण महाराने करायची. शेताच्या हद्दीच्या वादात त्याची साक्ष मानायची. साऱ्याचा पैसा तालुक्याला त्याने पोहोचवायचा. गावाचा पैसा महाराच्या हाती सुरक्षित असे, पण त्या हाताचे पाणी चालत नसे. या 'इमानी' सेवेला इंग्रजांच्या १८७४ च्या वतन कायद्याचेही कुंपण मिळाले. ते मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणले. ही वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

५

आता कोरेगाव.

३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कंपनी सरकारची एक पलटण शिरूरहून पुण्याकडे निघाली. मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे पाचशे शिपाई. सोबत काही घोडेस्वार, दोन तोफा आणि मद्रासचे थोडे गोलंदाज. एकूण आठशेच्या आसपास माणसे. कप्तान फ्रान्सिस स्टाँटन. रात्रभर चालून १ जानेवारीला सकाळी ते भीमेकाठी कोरेगावला आले, तो समोर पेशव्यांची फौज. ती सुमारे अठ्ठावीस हजारांची होती. दिवसभर गावाच्या गल्ल्यांतून, घराघरांतून लढाई झाली. नदी हाकेच्या अंतरावर, पण शिपायांना रात्र पडेपर्यंत पाणी मिळाले नाही. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. कंपनीचे मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून २७५ झाले.

आपल्या सभांतून पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजार असे सांगितले जाते. मुलांना मी सांगतो, आकड्यांचा मोह टाळा. अठ्ठावीस हजारांपैकी बहुतेक घोडदळ होते आणि ते गावात शिरले नाही. प्रत्यक्ष हल्ला अरब, गोसावी व इतर पायदळाच्या तुकड्यांनी केला. ते दोनेक हजार असावेत. पेशवाई त्या एका दिवसात संपली असेही नाही. शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण त्याआधीच, नोव्हेंबर १८१७ मध्ये लागले होते. आणि पलटणीत केवळ महार नव्हते. मराठे होते, मुसलमान होते, इतरही होते. स्तंभावर पलटणीच्या मृतांची जी ४९ नावे आहेत, त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. हे बावीस आपले. बावीस हा आकडा लहान नाही. त्याला फुगवण्याची गरज नाही. सत्य पुरेसे असताना अतिशयोक्ती केली की शत्रूला आयतेच हत्यार मिळते.

आता त्या दिवशीचा धनी पाहा. दुसरा बाजीराव लांबून लढाई पाहत होता. पुढे २० फेब्रुवारीला आष्टीला इंग्रजांनी गाठले, तेव्हा सेनापती बापू गोखले मागे राहून लढला आणि मेला. पेशवा निसटला. ३ जून १८१८ रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन गंगेकाठी बिठूरला राहिला आणि १८५१ पर्यंत जगला. कोरेगावच्या गल्लीत त्याच्या बाजूने मेलेल्या अरबाची, गोसाव्याची, मराठ्याची पेन्शन कोणी दिली? त्यांच्या नावांचा तर स्तंभही नाही. आइझू असो की पुणे, धनी वाचतो आणि इमानदार मरतो.

गद्दारीच्या आरोपाचे उत्तर येथे आहे. गद्दारी कोणाशी होते? ज्याच्याशी करार असतो त्याच्याशी. पेशवाईने महाराशी कोणता करार केला होता? पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे, असा दंडक होता असे बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात नोंदले आहे. ज्याने पाणी दिले नाही, त्याच्या मिठाला जागायचे कसे?

आणि महार पेशव्यांच्या बाजूनेही लढले होते. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईत शिदनाक महाराने परशुरामभाऊ पटवर्धनांचे प्राण वाचवले, असे परंपरेने सांगतात. त्याच छावणीत त्याचा तंबू सवर्णांच्या तंबूंशेजारी नको, अशी तक्रार झाल्याचेही सांगतात. त्यानंतर तेवीस वर्षांनी कोरेगाव घडले. मधल्या तेवीस वर्षांत कोणी इतागाकीसारखा विचारात पडला नाही. आपल्या राज्याच्या खालचा माणूस समोरच्या पलटणीत का उभा आहे, हा प्रश्न पुण्याच्या दरबाराने स्वतःला विचारला नाही. आजही जे 'गद्दार' म्हणतात, ते हा प्रश्न विचारत नाहीत.

६

परंतु येथे थांबलो तर मीही अर्धीच हकीकत सांगितली असे होईल. कंपनीच्या मिठाचे काय झाले?

पलटणीत पगार होता, गणवेश होता, पलटणीच्या शाळा होत्या. महाराचा पोर हवालदार, जमादार, सुभेदार होऊ लागला. त्या शाळांतून आपली पहिली शिकलेली पिढी निघाली. हे ऋण नाकारू नये. पण हे शिपाई जातिअंताचा झेंडा घेऊन लढले असेही म्हणू नये. ते भाकरीसाठी आणि माणूस म्हणून उभे राहण्यासाठी लढले. तो अर्थ लहान नाही.

इंग्रजाने त्यांना वापरले आणि गरज संपताच दूर केले. १८५७ नंतर सैन्याची जातवार मांडणी सुरू झाली. लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती असताना 'लढवय्या जातीं'चा सिद्धान्त रूढ झाला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद करण्यात आली. शंभर वर्षे लढलेली जात एका हुकमाने 'न लढणारी' ठरली! ज्या साहेबाने कोरेगावला स्तंभ उभारला, त्याच्याच वारसाने स्तंभावरील नावांच्या नातवंडांना दार लावले.

गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतून पेन्शन घेतलेले. त्यांनी १८९४ साली सरकारकडे जाण्यासाठी विनंतीअर्ज तयार केला. त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, ही ग्वाही आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविला. मोठ्या जागा नकोत, पोलिसात आणि लष्करात खालच्या पायरीवर तरी घ्या, असा त्याचा आशय. सुभेदार रामजी सकपाळांनी या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचे चरित्रकार सांगतात. ही मोठी माणसे होती. त्यांच्या अर्जांची भाषा वाचताना मात्र मला अमृतनाकाची डबी आठवते. आम्ही इमानी आहोत, डबी उघडून पाहा! साहेबाने डबी उघडलीही नाही.

माझ्या आजोबांची हकीकत याच धाग्यातील. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा साहेबाला पुन्हा महार आठवला. १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली. आजोबा वीस वर्षांचे होते. ते भरती झाले. युद्ध संपले, १९२१ साली पलटण मोडली. आजोबा बूट घालून गावी आले, तेव्हा गावच्या वेशीवर त्यांना बूट हातात घ्यायला लावले. गावाचे नाव लिहीत नाही. कोणत्याही गावाचे नाव तेथे घालता येईल. दुसऱ्या दिवसापासून येसकराची पाळी आली. पलटणीचा कागद त्यांनी एका पितळी डबीत घालून आढ्याला ठेवला. वडील मुंबईला आले तेव्हा ती डबी घेऊन आले. वसाहतीच्या खोलीत कपाटावर ती कित्येक वर्षे होती.

७

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. अडीच महिन्यांनी, २० मार्चला, ते महाडच्या तळ्यावर गेले. या दोन तारखा एकत्र वाचल्या पाहिजेत. इंग्रजाने आपल्या विजयासाठी उभारलेला दगड त्यांनी आपल्या माणसांच्या ताकदीची आठवण म्हणून वाचायला शिकवले. पण ती आठवण घेऊन ते साहेबाच्या दारी 'आम्ही तुमचे इमानी' म्हणत थांबले नाहीत. ते पाण्याकडे गेले. महाडलाच त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेली भाकरी सोडा असे सांगितले. अमृतनाकाच्या बावन्न हक्कांवर पाणी सोडले, तेही तळ्याच्या काठी.

सैन्याचे दार त्यांनी सोडले नाही. १९४१ साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या आरंभीच्या बोधचिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. मात्र आता ती याचना नव्हती, नागरिक म्हणून हक्काची मागणी होती. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, घटना समितीतील अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी सर्व देशाला बजावले की, धर्मातील भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणातील भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून इमान वसूल केले गेले, त्यांच्यातून आलेल्या माणसाने हे सांगितले. त्याला भक्तीची किंमत वाचून कळली नव्हती, घरात कळली होती.

आपणही हे भाषण आपल्यापुरते वाचले पाहिजे. आज आपल्या तरुणांना इमानाची हाक देणारे पुष्कळ आहेत. पक्ष आहेत, गट आहेत, नेते आहेत. प्रत्येकजण म्हणतो, गड पडतो आहे, धावा. पोरे धावतात, अंगावर केसेस घेतात, शिक्षण सोडतात. पुढे धनी कोणत्या तरी देवस्थानी, कोणत्या तरी बिठूरला सुखाने राहतो. मी नावे घेत नाही. वाचकांना ती ठाऊक आहेत. जो नेता हिशेब मागू देत नाही, तो मीठच देत नाही. तो फक्त त्याची आठवण देतो.

त्या रविवारी किल्ल्यात सूर्य खाली गेला होता. मुलाने शेवटी विचारले, "मग सर, इमान राखायचं तरी कुणाशी?"

मी म्हणालो, "जिथं तुझा वाटा आहे, तिथं. आणि वाटा मागितला तर जिथं तुला गद्दार म्हणत नाहीत, तिथं." उत्तर पुरे नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. पण एवढे मला खात्रीने सांगता आले.

पुढच्या ३१ डिसेंबरला वस्तीतून नेहमीप्रमाणे गाडी निघाली. तो मुलगा होता. २०१८ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, तेथे दगडफेक व जाळपोळ झाली होती आणि एक तरुण जिवास मुकला होता. तेव्हापासून आया मुलांना पाठवताना बिचकतात. त्याची आईही बिचकत होती. मी तिला म्हणालो, "ताई, मी आहे सोबत." स्तंभापाशी फार गर्दी होती. त्याने वहीत नावे उतरवून आणली. 'नाक' असलेली बावीस त्याने आधी लिहिली होती. मग एक ओळ सोडून उरलेली सत्तावीसही लिहिली. त्याखाली पानभर जागा कोरी ठेवली होती. मी विचारले, ही जागा कशाला?

तो म्हणाला, "पलीकडच्या बाजूनं मेले त्यांची नावं कुणी लिहिलीच नाहीत ना सर. सापडली तर लिहीन."